दहापैकी किती दुखतंय?

"काकू, दहापैकी किती दुखतंय?" डॉक्टरांनी आत्याला विचारलं. "शून्य म्हणजे काहीच नाही, दहा म्हणजे अजिबात सहन होणार नाही इतकं."

आत्या जरा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "वीस पोळ्या."

डॉक्टरांना वाटलं, काकूंना प्रश्न कळला नाही. मी शेजारी बसले होते, मलाही तसंच वाटलं. पण आत्याला प्रश्न नीट कळला होता. तिने सत्तावीस वर्षं खानावळ चालवली. ओट्याशी उभं राहून दोन्ही वेळच्या पोळ्या ती स्वतः लाटायची. पूर्वी शंभर-सव्वाशे पोळ्या एका दमात व्हायच्या. मग साठाव्या पोळीला कंबर धरायला लागली, मग चाळिसाव्या. आता वीस झाल्या की स्टूल ओढून बसावं लागत होतं. तिच्याकडे तिचं माप होतं आणि ते चांगलं चोख होतं. दवाखान्याच्या कागदावर मात्र शून्य ते दहा अशी पट्टी छापलेली होती. त्यावर पोळ्यांचा रकाना नव्हता. शेवटी "बरं, आठ लिहा" म्हणून तिने विषय संपवला.

तिला जो उपचार सुचवला होता त्याचं नाव रेडिओफ्रिक्वेन्सी अब्लेशन. सोप्या भाषेत सांगायचं तर दुखऱ्या सांध्याकडून मेंदूकडे खबर नेणारी बारीक नस सुईच्या टोकाने तापवायची आणि निकामी करायची. सांधा तसाच राहतो, त्याची तक्रार वर पोचत नाही. (नस म्हणजे इथे मज्जातंतू, रक्तवाहिनी नव्हे.)

घरी येताना रिक्षात मला पहिला प्रश्न हाच पडला, की कोणती नस जाळायची हे डॉक्टरांना कळतं कसं? आत्याचा एमआरआय झाला होता. त्यात झिजलेल्या गाद्या होत्या, झिजलेले सांधे होते. पण २०१५ साली अनेक अभ्यासांचा एकत्रित आढावा प्रसिद्ध झाला, तो पाठ अजिबात दुखत नसलेल्या माणसांच्या स्कॅनचा होता. त्यात विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्या झिजलेल्या होत्या आणि ऐंशीतल्या ९६ टक्के लोकांच्या. म्हणजे आज हे मोबाइलवर वाचणाऱ्या तुमच्यापैकी बऱ्याच जणांच्या रिपोर्टवर 'डिजनरेशन' हा शब्द येईल आणि तुम्हाला काहीही होत नसेल. झीज फोटोत दिसते, दुखणं दिसत नाही. ते कुठे आहे आणि किती आहे, हे शेवटी माणसालाच विचारावं लागतं.

या उपचाराचा इतिहास वाचत गेले तेव्हा लक्षात आलं, की त्यातला मोठा भाग हा प्रश्न कसा विचारायचा आणि आलेल्या उत्तराचं काय करायचं हे शिकण्यातच गेला आहे.

गादी आणि सांधे

पाठीच्या कण्यात दोन मणक्यांमध्ये पुढच्या बाजूला गादी असते, हे सगळ्यांना माहीत असतं. मागच्या बाजूला, डावीकडे आणि उजवीकडे, एकेक छोटा सांधाही असतो, हे फारसं कुणाला माहीत नसतं. त्याला फॅसेट सांधा म्हणतात. आपण मागे वाकतो, वळतो, बराच वेळ उभे राहतो तेव्हा त्याच्यावर भार येतो. गुडघ्यासारखाच तोही झिजतो, सुजतो.

पाठदुखी या सांध्यांमुळे असू शकते असं बोस्टनचे अस्थिशल्यचिकित्सक जोएल गोल्डथ्वेट यांनी १९११ साली मांडलं. १९३३ साली मेयो क्लिनिकच्या राल्फ घोर्मली यांनी त्याला 'फॅसेट सिंड्रोम' असं नाव दिलं. नाव रुळण्याआधीच, १९३४ साली, बोस्टनच्याच मिक्स्टर आणि बार यांचा शोधनिबंध आला. गादी फुटून बाहेर येते, नस दाबते आणि पाय दुखतो, हे त्यांनी ऑपरेशन करून दाखवून दिलं.

हे इतकं ठोस होतं की पुढची काही दशकं पाठदुखी म्हणजे गादी, हे समीकरणच झालं. आपल्याकडेही 'गादी सरकली', 'मणक्यात गॅप आलाय', 'नस दबलीय' हेच शब्द घराघरांत रुजले. फुटलेली गादी हातात धरून दाखवता येते. फॅसेट सांध्याचं दुखणं मात्र दाखवता येत नव्हतं. ज्यांच्या फोटोत गादी ठीक होती आणि तरी कंबर धरलेली होती, त्यांच्यासाठी डॉक्टरांपाशी शब्द नव्हता. अशा वेळी जे शब्द वापरले जातात ते आत्याने अनेक वर्षं ऐकले होते: वय झालं, वजन कमी करा, मनावर घेऊ नका.

डाग

दुखणाऱ्या जागी भाजायचं ही कल्पना फार जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात अग्निकर्मावर अख्खा अध्याय आहे. कोणत्या पदार्थाने भाजायचं (तापवलेली शलाका, पिंपळी, मध, गूळ), कुठे भाजायचं, कुणाला भाजायचं नाही, हे त्यात तपशीलवार सांगितलं आहे. सांध्यांतल्या आणि हाडांतल्या तीव्र वेदनेसाठी तिथे अग्नी सुचवलेला आहे. ग्रीक वैद्यही तापलेलं लोखंड वापरत. आत्याच्या घोट्याजवळ लहानपणीच्या बिब्ब्याचा काळा डाग अजून आहे. पाय मुरगळला तेव्हा तिच्या आजीने तो दिला होता.

'बघा, हे आपल्याकडे आधीपासूनच होतं' असं इथे म्हणावंसं वाटतं, पण ते बरोबर होणार नाही. जुना डाग कातडीवर असायचा आणि नव्या उपचारात कातडीला काहीच होत नाही. जाळायची ती नस कातडीखाली काही सेंटिमीटर आत, हाडाला चिकटून असते आणि जेमतेम धाग्याएवढी असते. तिच्यापर्यंत उष्णता पोचवायची आणि वाटेतलं काही भाजायचं नाही, यासाठी वेगळी आग लागते.

ती आग विजेतून आली. साधी वीज अंगाला लागली की स्नायू आखडतात. १८९१च्या सुमारास फ्रान्समध्ये आर्सेन दार्सोनव्हाल यांच्या लक्षात आलं, की सेकंदाला दहा हजारांहून जास्त वेळा दिशा बदलणारा प्रवाह शरीरातून गेला तर स्नायू आखडत नाहीत, फक्त ऊब जाणवते. इतक्या वेगाच्या बदलाला नसा दाद देत नाहीत. १९२६ साली बोस्टनमध्ये मेंदूचे शल्यचिकित्सक हार्वी कुशिंग यांनी विल्यम बोव्ही यांचं विजेवर चालणारं यंत्र ऑपरेशनमध्ये वापरलं आणि रक्तस्राव थांबवण्याची पद्धतच बदलली. १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला जर्मनीत मार्टिन किर्शनर यांनी चेहऱ्याच्या असह्य कळांसाठी गालातून सुई घालून कवटीच्या तळाशी असलेली मज्जातंतूची गाठ विजेने भाजली. १९६०च्या दशकात कर्करोगाच्या वेदनांसाठी कण्यातल्या मज्जारज्जूपर्यंत अशी सुई नेली गेली. पाठदुखीसाठी यंत्र तयार होतं. कुठे भाजायचं हे ठरायचं बाकी होतं.

हजारात दोन

१९७१ साली ऑस्ट्रेलियातले शल्यचिकित्सक स्कर्म रीस यांनी एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांची पद्धत सोपी होती. कंबरेच्या मणक्यांच्या शेजारी कातडीतून एक लांब, अरुंद पातं आत घालायचं आणि फॅसेट सांध्यांकडे जाणाऱ्या नसा कापायच्या. वीज नाही, मोठं ऑपरेशन नाही. त्यांनी हजार रुग्णांवर हे केलं होतं आणि यश सांगितलं होतं ९९.८ टक्के. म्हणजे हजारात फक्त दोघांना गुण आला नाही.

अमेरिकेतले न्यूरोसर्जन नॉर्मन शीली यांनी ही पद्धत उचलली. पात्याने रक्तस्राव होतो असं दिसल्यावर त्यांनी पात्याच्या जागी रेडिओफ्रिक्वेन्सीची सुई वापरली आणि १९७०च्या दशकाच्या मध्यात आपले निष्कर्ष प्रसिद्ध केले. आज आत्यावर झालेल्या उपचाराचा जन्म इथला. पाहता पाहता अनेक देशांत हे होऊ लागलं. पेशंट येत होते आणि बरं वाटलं म्हणून सांगून जात होते.

मग एका तरुण ऑस्ट्रेलियन माणसाने एक साधं काम केलं. निकोलाय बोगडुक शरीररचनेचे अभ्यासक होते. त्यांनी मृतदेहांचं विच्छेदन करून या नसा प्रत्यक्षात कुठून जातात हे बघितलं. अमेरिकी न्यूरोसर्जन डॉनलिन लाँग यांच्यासोबत १९७९ साली त्यांनी जे प्रसिद्ध केलं ते वाचताना मी दोनदा थांबले. रीस यांचं पातं त्या नसांपर्यंत पोचतच नव्हतं. ते पाठीचा स्नायू कापून परत येत होतं. सुईवाले ज्या जागा भाजत होते तिथे, बोगडुक यांच्या पाहणीनुसार, भाजण्यासारखी नसच नव्हती.

बोगडुक यांनी खरी वाट दाखवली. फॅसेट सांध्याची खबर नेणारी 'मिडियल ब्रँच' मणक्याच्या बाजूच्या दोन हाडांच्या बेचक्यातून जाते. प्रत्येक सांध्याला अशा दोन नसा असतात, म्हणून एक सांधा गप्प करायचा तर दोन नसा गाठाव्या लागतात. ही नस पायाकडे जात नाही, त्यामुळे ती नीट जाळली तर पायाची ताकद जात नाही. १९८७ साली त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवून दिली. सुईची उष्णता टोकाच्या पुढे फारशी जात नाही, ती सुईच्या बाजूंना पसरते. त्यामुळे सुई नसेवर टोचल्यासारखी उभी धरली तर नस हुकू शकते. ती नसेला लगटून, समांतर ठेवावी लागते. हे मी आत्याला सांगितलं तेव्हा तिला लगेच पटलं. लाटण्याचं टोक टेकवून कुणी पोळी लाटतं का? लाटणं आडवंच धरावं लागतं.

मग बरं कसं वाटलं?

हजारातल्या त्या नऊशे अठ्ठ्याण्णव माणसांचं काय? पातं नसेपर्यंत गेलं नव्हतं, तरी ती माणसं बरं वाटतंय म्हणाली. खोटं बोलत होती का?

वेदनेच्या इतिहासात या प्रश्नावर बरीच चर्चा झाली आहे. दुसऱ्या महायुद्धात इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर या भूलतज्ज्ञाने पाहिलं होतं, की गंभीर जखमी झालेले अनेक सैनिक वेदनाशामक नको म्हणत. जखम खरी होती आणि वेदना कमी असणंही खरं होतं. युद्धातून आपण जिवंत सुटलो याचा त्या वेदनेशी संबंध होता. पुढे १९५५ साली बीचर यांनी प्लासिबोच्या, म्हणजे औषध नसलेल्या औषधाच्या परिणामावर लिहिलं. त्यांची आकडेमोड नंतर अनेकांनी खोडली, पण मूळ निरीक्षण टिकून राहिलं. वेदना ही शरीराच्या एका जागेवरून निघालेली तार नाही. डॉक्टरांनी लक्ष देणं, आशा वाटणं, काळ जाणं, दुखणं आपोआप वरखाली होणं, हे सगळं तिच्यात मिसळलेलं असतं.

आणखी एक साधी गोष्ट असते. आपण डॉक्टरकडे जातो ते दुखणं टोकाला गेल्यावर. टोकाला गेलेलं दुखणं काही दिवसांनी थोडं उतरतंच. मधल्या काळात कुणी काहीही केलं असेल तर श्रेय त्याला जातं.

म्हणून रीस यांचे पेशंट खोटारडे ठरत नाहीत. त्यांना जो प्रश्न विचारला गेला तोच अपुरा होता. 'बरं वाटतंय का?' एवढंच विचारलं तर 'हो' हे उत्तर खरं असू शकतं आणि तरी त्यातून नसेबद्दल काहीच कळत नाही.

प्रश्न सुधारण्याचा एक मार्ग असा निघाला, की जाळण्याआधी नस तात्पुरती बधिर करून बघायची. दुखणं थांबलं तर नस बरोबर सापडली. हा 'डायग्नोस्टिक ब्लॉक'. पण बधिर करण्याच्या इंजेक्शननेही नुसत्या आशेपोटी बरं वाटू शकतं. १९९४ साली बोगडुक यांच्या गटाने कंबरदुखीच्या १७६ पेशंटांवर याची परीक्षा घेतली. पहिल्या इंजेक्शनला ४७ टक्के लोकांनी चांगला आराम पडल्याचं सांगितलं. वेगळ्या दिवशी वेगळ्या औषधाने पुन्हा तीच तपासणी केली तेव्हा दोन्ही वेळा नक्की आराम पडलेले १५ टक्केच राहिले.

या दुहेरी तपासणीची युक्ती मला आवडली. एक औषध थोडा वेळ टिकतं, दुसरं जास्त वेळ. कोणत्या दिवशी कोणतं दिलं हे पेशंटला सांगायचं नाही. त्याच्या हातात कागद द्यायचा आणि ठरावीक वेळाने किती दुखतंय ते लिहायला लावायचं. ज्याचं दुखणं खरोखर त्याच नसेतून येतं, त्याचा आराम एका दिवशी लवकर संपतो आणि दुसऱ्या दिवशी उशिरा. इथे पेशंटच्या शब्दावर अविश्वास दाखवलेला नाही. उलट त्याच्या शब्दाला एवढं वजन दिलं आहे की त्यावरून नस ठरते.

आत्याच्या डॉक्टरांनी असे दोन ब्लॉक केले आणि घरी जाऊन जे केल्याने दुखतं तेच करायला सांगितलं. तिने दोन्ही दिवशी कणीक मळली. पहिल्या दिवशी दुपारी सत्तर पोळ्या झाल्या आणि चहाच्या वेळेपर्यंत कंबर परत बोलू लागली. दुसऱ्या वेळी ती रात्रीच्या पोळ्यांनाही उभी होती. शेजाऱ्यांकडे दोन दिवस आमच्याच पोळ्या होत्या.

सदतीस आणि ऐंशी अंश

खरी परीक्षा १९९६ साली झाली आणि ती कंबरेची नव्हती, मानेची होती. ऑस्ट्रेलियातल्या बोगडुक यांच्याच गटाने अपघातात मानेला हिसका बसून वर्षानुवर्षं दुखत असलेल्या २४ माणसांना निवडलं. सगळ्यांची ब्लॉकची काटेकोर तपासणी आधी झालेली होती. सगळ्यांना त्याच टेबलावर झोपवलं, तीच सुई घातली, तेच यंत्र लावलं. बारा जणांच्या सुईचं टोक ८० अंश सेल्सिअसपर्यंत तापवलं आणि बारा जणांचं ३७ अंशांवर ठेवलं. सदतीस म्हणजे शरीराचंच तापमान. कुणाला काय झालं हे पेशंटला माहीत नव्हतं.

मग वाट पाहायची होती. दुखणं पूर्वीच्या निम्म्यावर परत यायला किती दिवस लागतात, हे मोजलं गेलं. सदतीस अंशवाल्यांच्या बाबतीत मध्यक होता ८ दिवस. ऐंशी अंशवाल्यांच्या बाबतीत २६३ दिवस.

या आकड्यांत दोन्ही बाजू दिसतात. आठ दिवस म्हणजे नुसत्या सुईचा, आशेचा, बधिर करणाऱ्या औषधाचा हिस्सा. त्यापुढचे दिवस नसेचे. चोवीस माणसं म्हणजे फार नव्हेत, पण नस जाळण्याचा परिणाम आशेपासून वेगळा काढून दाखवता येतो, हे त्यांच्यामुळे कळलं.

याच संशोधनातून १९९७ साली आलेला एक छोटा अभ्यास मला जास्त महत्त्वाचा वाटतो. दीर्घकाळ दुखणाऱ्या माणसांच्या मानसशास्त्रीय चाचण्या घेतल्या तर त्यात चिंता, निराशा, चिडचिड दिसते. त्यावरून अनेकदा निष्कर्ष निघतो, की मुळात दुखणं मनाचंच आहे. या अभ्यासात १७ माणसांच्या अशा चाचण्या उपचाराआधी आणि नंतर घेतल्या. ज्यांचं दुखणं पूर्ण गेलं त्या सगळ्यांचा मानसिक त्रासही गेला, त्यासाठी वेगळं औषध किंवा समुपदेशन न करता. ज्यांचं दुखणं राहिलं त्यांच्यापैकी एक सोडून सगळ्यांचा त्रास राहिला. म्हणजे त्या माणसांत दुखण्याने मन खचत होतं. आत्याला 'मनावर घेऊ नका' म्हणणाऱ्यांना मी हे दाखवू शकले असते, तर बरं झालं असतं.

कंबरेबाबत १९९९ साली नेदरलँड्समध्ये ३१ पेशंटांचा तुलनात्मक अभ्यास झाला, त्यातही गुण दिसला. २००० साली अमेरिकेत दुहेरी ब्लॉकमधून पार पडलेले १५ जण घेऊन आणखी एक अभ्यास झाला. वर्षानंतरही त्यांच्यापैकी ६० टक्के लोकांचं दुखणं किमान ९० टक्क्यांनी कमी होतं. या अभ्यासात तुलनेसाठी दुसरा गट नव्हता. पण निवड कडक होती आणि सुई नसेला समांतर ठेवली होती.

सहाशे एक्क्याऐंशी माणसं

इथे गोष्ट संपली असती तर सोपं होतं. पण २०१७ साली नेदरलँड्समधून मोठा अभ्यास आला. सोळा पेन क्लिनिक, तीन चाचण्या, एकूण ६८१ माणसं. सगळ्यांना व्यायामाचा कार्यक्रम दिला आणि निम्म्यांना त्याशिवाय नस जाळण्याचा उपचार. तीन महिन्यांनी दोन्ही गटांना दहापैकी किती दुखतंय ते विचारलं. फॅसेट सांध्यांच्या चाचणीत दोन गटांत फरक होता ०.१८. दहाच्या पट्टीवर पाव गुणसुद्धा नाही.

वेदनातज्ज्ञांनी आक्षेप घेतले. निवड एकाच ब्लॉकवर केली होती, तीही निम्मा आराम पडला तरी चालेल अशी. सुईबद्दल आणि ती ठेवण्याच्या पद्धतीबद्दलही तक्रारी होत्या. १९९४च्या आकड्यांवरून पाहिलं, तर एकाच ब्लॉकवर निवडलेल्या गटात फॅसेट सांध्याचं दुखणं नसलेली माणसं बरीच असणार. पण संशोधकांचं म्हणणंही सोडून देण्यासारखं नाही. रोजच्या दवाखान्यात जसं केलं जातं तसंच त्यांनी केलं होतं. रोजच्या दवाखान्यात गुण येत नसेल, तर आदर्श दवाखान्याचा पेशंटला काय उपयोग?

ब्रिटनमधल्या नाइस या संस्थेची २०१६ची मार्गदर्शक तत्त्वं या उपचाराचा विचार करा म्हणतात, पण अटी घालून: इतर उपाय थकले असतील, दुखणं दहापैकी पाच किंवा जास्त असेल आणि ब्लॉकला प्रतिसाद मिळाला असेल तर. २०२५ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आलेल्या आंतरराष्ट्रीय शिफारशी याच्या उलट आहेत. दीर्घकालीन मणकेदुखीसाठी हा आणि असे इतर सुईचे उपचार करू नयेत असं त्या ठामपणे सांगतात. ती शिफारस करणाऱ्या मंडळात स्वतः दीर्घकालीन दुखण्यासोबत जगणारी माणसंही होती. वेदनातज्ज्ञांच्या संघटनांनी तिच्यावर टीका केली. हा वाद आजही चालू आहे.

वेटिंग रूममध्ये आम्हाला एसटीतून निवृत्त झालेले एक ड्रायव्हरकाका भेटले. त्यांनी हाच उपचार दुसरीकडे कुठेतरी करून घेतला होता. ब्लॉक केला होता का विचारलं, तर नाही म्हणाले. एमआरआय बघून थेट नस जाळली. "दोन आठवड्यांनी गेलो, म्हटलं काहीच फरक नाही. तर म्हणाले, मशीनने बरोबर झालंय." काकांनी हात झटकला. "मशीनचं बरोबर झालं. माझं काय?"

मला वाटतं, या सगळ्या वादाचा गाभा काकांनी दोन वाक्यांत सांगितला. रीस यांच्या वेळी पेशंटचा शब्द जसाच्या तसा घेतला आणि पातं कुठे गेलं ते कुणी पाहिलं नाही. काकांच्या वेळी मशीनचा शब्द घेतला आणि काकांना काही विचारलंच नाही. दोन्हीकडे पेशंट एकटा पडला.

नस परत उगवते

आत्याचा उपचार पाऊण-एक तास चालला. ती पालथी झोपली होती आणि पूर्ण जागी होती. एक्स-रेच्या पडद्यावर बघत डॉक्टरांनी सुया बसवल्या. मग हलका प्रवाह सोडून विचारलं, कंबरेत काही थडथडतंय का? पायात काही जाणवतंय का? पायात जाणवलं तर सुई चुकीच्या जागी आहे. म्हणजे अगदी टेबलावरसुद्धा शेवटचा निर्णय विचारूनच होतो. पायात काही नाही म्हटल्यावर नस बधिर केली आणि सुईचं टोक दीड मिनिट तापवलं. आत्याच्या शब्दांत, आत कुणीतरी अंगठ्याने दाबून धरल्यासारखं वाटलं.

पुढचे दहा दिवस वाईट गेले. उन्हात वाळवण राखताना पाठ भाजून निघते तशी कातडी हुळहुळत होती. तिला वाटलं, फसलो. तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी पोळ्या संपल्या आणि तिच्या लक्षात आलं की आपण बसलोच नाही. मोजल्या तर नव्वद होत्या.

अकराव्या महिन्यात त्या साठावर आल्या. हेही इतिहासात आधीच लिहून ठेवलेलं होतं. १८५० साली ऑगस्टस वॉलर यांनी बेडकाच्या जिभेच्या नसा कापून पाहिलं होतं, की पेशीपासून तुटलेला नसेचा भाग कसा झडत जातो. पण मूळ पेशी जिवंत असते आणि तिच्यातून धागा पुन्हा वाढू शकतो. इथे जळतो तो फक्त धागा. पेशी वर, मज्जारज्जूजवळच्या गाठीत सुरक्षित असते. त्यामुळे नस उगवते आणि तिच्यासोबत खबरही परत येते. २००४ सालच्या एका छोट्या अभ्यासात, पुन्हा केलेल्या उपचारानेही साधारण पहिल्याइतकाच काळ आराम मिळालेला दिसला होता. हा आराम भाड्याच्या घरासारखा आहे. करार दर वेळी नव्याने करावा लागतो आणि होईलच याची खात्री नसते.

मधल्या काळात काय करायचं, हा प्रश्न डॉक्टरांपेक्षा आत्यानेच जास्त गांभीर्याने घेतला. दुखणं थांबलेलं असताना तिने फिजिओथेरपिस्टकडून पाठीचे व्यायाम शिकून घेतले, जे आधी दुखण्यामुळे जमतच नव्हते. ओट्याची उंची वाढवून घेतली. चुलतभावाला पोळ्या लाटायला शिकवलं. त्याच्या पोळ्या अजून नकाशासारख्या होतात.

चौदाव्या महिन्यात आम्ही परत गेलो. डॉक्टर तेच होते, छापील कागदही तोच होता. त्यांनी शून्य ते दहाची पट्टी पुढे सरकवली, मग थांबले आणि जुना केसपेपर उलटून पाहिला. तिथे समासात त्यांच्याच अक्षरात काहीतरी लिहिलेलं होतं.

"काकू," त्यांनी विचारलं, "पोळ्या किती?"

"पस्तीस," आत्या म्हणाली. "पण छत्तिसावी बसून लाटते."